रेडिओचं जुनं दुकान बंद करायचंय? आधी लोकांचं लोकांना द्या

दिवाळीनंतर आम्ही बेळगावच्या खडेबाजारातलं आमचं दुकान बंद केलं. रेडिओ-टेपची दुरुस्ती, लग्नकार्याला आणि मंडळांना लाउडस्पीकर, आणि कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग अशी तीन कामं एका गाळ्यात चालायची. आता निपाणीहून, खानापूरहून, संकेश्वरहून आमच्यासारख्याच दुकानदारांचे फोन येतात. "अक्का, पोरगं बेंगळूरला आयटीत, मला आता सोल्डरिंगचा डाग देताना दिसत नाही. गाळा सोडायचा म्हणतोय. सुरुवात कुठनं करू?" प्रत्येकाला तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहूनच काढते.

बहुतेकजण सुरुवात भंगारवाल्यापासून करतात. ते काम शेवटाकडचं. अशा दुकानात जे साठलेलं असतं त्यातलं निम्मं आपलं नसतंच. फळीवरचे सेट गिऱ्हाइकांचे, टेपांवरचे आवाज कुणाकुणाच्या आज्या-पणज्यांचे, काउंटरची डिपॉझिटं मंडळांची. आधी हे सगळं ज्याचं त्याला परत करायचं. मग उरेल ते आपलं, त्याचं काय करायचं ते करा.

थोडं मागचं सांगते, म्हणजे कसल्या दुकानाबद्दल बोलतेय ते कळेल. आजोबांनी दुकान काढलं तेव्हा बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात जाऊन थोडीच वर्षं झाली होती. ते झालं १९५६ ला. आकाशवाणीचं धारवाड केंद्र १९५० पासून होतं, कुठल्याही सेटवर खणखणीत लागायचं. मराठीसाठी मात्र गच्चीवर एरियलची तार ताणावी लागायची. १९६३ ला सांगली केंद्र सुरू झालं आणि दुकानात झुंबड उडाली म्हणे. प्रत्येकाला आपल्या सेटवर सांगली 'नीट बसवून' पाहिजे होती. आजोबांनी गच्चीवर दोन कर्णे बांधले होते. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या मराठी बातम्या त्यावरून अख्ख्या गल्लीला ऐकू यायच्या, मागोमाग मंडळाच्या सूचना, हरवलेल्या म्हशी, पाणी कधी सुटणार. लोक त्याला गल्लीचं स्टेशन म्हणायचे.

"मग खरंच स्टेशन का नाही काढलंत?" असं आजही कुणी विचारतं. घराच्या नावावर परवानाच मिळत नाही हो. आपल्या देशात खासगी एफएम आलं ते लिलावातून, कंपन्यांकडे. सामुदायिक रेडिओ केंद्राचा परवाना शिक्षणसंस्था, कृषी विज्ञान केंद्रं आणि ना नफा तत्त्वावरच्या नोंदणीकृत संस्था यांनाच. घरानं चालवलेलं स्टेशन म्हणजे आपल्याकडे असं दुकानच.

तारीख

पावसाळ्यात बंद करू नका. बेळगावचा पाऊस काय असतो ते आपल्याला सांगायला नको, आणि खानापूर-जांबोटीकडच्यांना तर मुळीच नको. जून ते सप्टेंबर टेपांना बुरशी लागते, पुठ्ठे मऊ पडतात, लोक गावाहून येत नाहीत. गणपतीच्या तोंडावरही नको, कारण मंडळांच्या ऑर्डरी आधीच घेतलेल्या असतात आणि त्या मोडल्या तर नाव जातं. दिवाळीपासून होळीपर्यंतचा कोरडा काळ सगळ्यात बरा. शिवजयंतीची मिरवणूक आपल्याकडे वैशाखात निघते, त्याआधी साउंडचं सामान कुणाला द्यायचं असेल तर भावही चांगला येतो.

तारीख ठरली की पाटी लावा. आम्ही वर कन्नड आणि खाली मराठी असं लिहिलं होतं: दुकान बंद होत आहे, आपले सेट अमुक तारखेपर्यंत घेऊन जा, मजुरी जमेल तशी. 'जमेल तशी' हे दोन शब्द लिहाच. सात-आठ वर्षं सेट न नेणारा माणूस साधारणपणे पैशाच्या संकोचानं येत नसतो.

फळीवरचे सेट

प्रत्येक जुन्या दुकानात एक फळी असते. तिच्यावर बुश, मर्फी, फिलिप्स, नेल्को, आणि प्रत्येकाच्या बटणाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव, गाव, आणि 'आवाज नाही' किंवा 'स्टेशन सरकते'. फोन नंबर नसायचा, कारण तेव्हा फोनच नव्हते.

या सेटांबद्दल कायदा काय म्हणतो ते माहीत असू द्या. दुरुस्तीला दिलेली वस्तू भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे आपल्या ताब्यातली ठेव असते. केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत ती अडवून ठेवायचा हक्क आपल्याला आहे (कलम १७०), पण मजुरी दिली नाही म्हणून सेट परस्पर विकायचा हक्क त्या कलमानं मिळत नाही. पुण्या-मुंबईचे शौकीन लोक हल्ली व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांच्या, सेटांसाठी फोन करत असतात, मोह होतो. फळीला हात लावू देऊ नका.

पत्ता असेल तिथं पोचपावतीचं टपाल पाठवा आणि पावती जपून ठेवा. पत्ता नसेल तर गावातल्या कुणाला तरी सांगा. आमची पद्धत अशी होती: चिठ्ठ्या गावांप्रमाणे लावल्या. येळ्ळूरच्या एकत्र, बेळगुंदीच्या एकत्र, उचगाव, कडोली, नंदगड. मग त्या त्या गावचा दूधवाला, मास्तर नाहीतर ग्रामपंचायतीतला शिपाई, यांच्या हातात यादी दिली. तिसऱ्या पिढीतली माणसं यायला लागली. "आमच्या आज्याचा रेडिओ हाय म्हणं तुमच्याकडं?" बैलहोंगलकडचे एक वयस्कर काका थेट दारात उभे राहून म्हणाले, "अक्कावरे, नम्म रेडिओ ऐतेन्री?" आमचा रेडिओ आहे का, म्हणून. होता की. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, वर्तमानपत्र सेटपेक्षा जास्त पिवळं झालेलं.

देताना सेट चालू करून द्यायचा असेल तर एक ताकीद. वर्षानुवर्षं बंद पडलेला व्हॉल्व्हचा सेट थेट प्लगात घालायचा नाही. आतले पेपर कंडेन्सर गळके झालेले असतात, आणि एचटीला, म्हणजे व्हॉल्व्हच्या जास्त दाबाच्या पुरवठ्याला, अडीचशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो. आपल्या प्रत्येकाच्या टेबलावर सिरीज दिवा, म्हणजे सेटाच्या वाटेत जोडलेला बल्ब, असतोच, त्यावर आधी लावा. साठ वॅटचा जुना तारेचा बल्ब, एलईडी चालत नाही. दिवा क्षणभर भडकून मंद झाला तर ठीक, भडकलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. बिनट्रान्सफॉर्मरचे एसी-डीसी सेट तर आणखी वाईट, त्यांच्या चॅसीसला, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्यालाच, मेनचा करंट असू शकतो. असा सेट नातवाच्या हातात देताना मागच्या झाकणावर ठळक लिहा: 'लावू नये, शोभेसाठी'. आम्ही वायरच कापून दिली.

कुणीच आलं नाही असे सेट उरतात. त्यांच्या चिठ्ठ्या काढू नका. वर्षभर तरी घरी ठेवा.

टेपा: इथं वेळ घालवा

रेकॉर्डिंगचं काम करणाऱ्या दुकानात शेकड्यांनी कॅसेटी निघतात आणि त्याआधीची रिळं. हे बघून माणूस घाबरतो आणि सगळं पोत्यात भरतो. घाबरायचं नाही, निवडायचं.

पहिल्या चाळणीत बाजारातल्या छापील कॅसेटी बाजूला. ऐंशीच्या दशकात आपण सगळ्यांनीच सिनेमाची गाणी 'भरून' दिली, त्या कॅसेटीही बाजूला. ती गाणी दुसरीकडे याहून चांगल्या आवाजात आहेत, आणि त्यांचे हक्क आपले नव्हते, आजही नाहीत. राहतं ते इथंच झालेलं आणि इथंच उरलेलं: सप्त्यातली कीर्तनं, गावोगावची भजनं, भारूड, कडोली-येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांतली भाषणं, गणेशोत्सवातली व्याख्यानं, सीमाप्रश्नाच्या सभा, कुणाच्या तरी आजीनं जात्यावरच्या म्हटलेल्या ओव्या, बारशाचे पाळणे. वक्ता मोठा असेल तर त्याचं भाषण दुसऱ्या कुणाकडेही सापडेल. ओव्या सापडणार नाहीत. माझं सांगणं, पहिला नंबर ओव्यांना द्या.

दुसरी चाळणी प्रकृतीची. कॅसेट उजेडात धरून खिडकीतून आत बघा. टेपच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरी पूड दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट मशीनमध्ये घालू नका, हेडवरून ती पुढच्या प्रत्येक टेपला लागते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर आठवडा-दोन आठवडे ठेवा, मग तोंडाला मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशनं झाडा. रिळांचं बघताना वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती असिटेटची जुनी टेप आहे आणि ती सडायला लागली आहे, तिचा नंबर सगळ्यात आधी. असिटेट ओळखायची खूण: रीळ दिव्यासमोर धरलं तर गुंडाळीतून उजेड आरपार दिसतो. पॉलिएस्टरमधून दिसत नाही. असिटेट तुटते ती सरळ तुकडा पडून, चिकटपट्टीनं जोडता येते, पण साधी सेलोटेप नको. तिचा गोंद पसरतो. टेप जोडायची पट्टी वेगळी मिळते.

काही रिळं वाजवताना चिरकतात, हेडवर तपकिरी चिकटा बसतो. मागच्या बाजूला काळा थर असलेल्या सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या टेपांना हा रोग जास्त. तिथं लगेच थांबा. अशा टेपा हलक्या, काटेकोर उष्णतेत तासन् तास ठेवून तात्पुरत्या सुधारता येतात, पण ते जाणत्या माणसाचं काम. घरच्या ओव्हनमध्ये कुणी घालू नये, आणि असिटेटची टेप तर कुठल्याच उष्णतेत नको.

कुठलीही टेप वाजवण्याआधी कॅसेटच्या वरच्या कडेची दोन चौकोनी पाती मोडली आहेत का बघा. नसतील तर मोडा. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी मग पुसलं जात नाही. आत हेडला टेप दाबून धरणारी छोटी गादी असते, ती निसटली असेल तर आवाज गुदमरतो. तेव्हा टेपची दोन्ही चाकं काढून स्क्रूवाल्या चांगल्या केसमध्ये बसवायची. चिकटवलेली केस सुरीनं कडेकडेनं उघडते, घाई केली की फुटते. बऱ्याच वर्षांनी वाजवताना टेप आधी एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण गुंडाळून घ्या, सैल झालेली गुंडाळी सरळ बसते.

मशीन कुठलं? बाजारात यूएसबीचं स्वस्त कॅसेट प्लेअर मिळतं ते घेऊ नका. त्याचा वेग डुलतो. एखादं जुनं जड डेक बघा, बेल्ट बदला. जुना बेल्ट विरघळून डांबर झालेला असतो, तो पुसायला वेळ लागतो. हेड आणि कॅप्स्टन (टेप ओढणारा दांडा) आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, रबराचा रोलर ओलसर कापडानं. हे आपल्या लोकांना सांगायची गरज नाही, पण ज्यांच्या वडलांचं दुकान होतं आणि स्वतः बँकेत आहेत त्यांच्यासाठी लिहिते.

आता खरं कसब. हेडच्या बाजूला स्प्रिंगवर बसवलेला छोटा स्क्रू असतो, अझिमथचा. रेकॉर्ड करणाऱ्या मशीनचं हेड ज्या कोनात होतं त्याच कोनात वाजवणाऱ्याचं हेड आलं पाहिजे, नाहीतर टाळ-झांजांचा आवाज मातकट होतो. प्रत्येक कॅसेट वेगळ्या मशीनवर भरलेली असते, म्हणून प्रत्येक कॅसेटला हा स्क्रू नव्यानं लावायचा. हेडफोन मोनोवर घ्या, टेप चालू ठेवा, आणि पाव फेऱ्याहूनही कमी असा हळू फिरवा. एका जागी 'स' आणि 'श' एकदम उघडे होतात. तिथं थांबा. कॉम्प्युटरवर नंतर कितीही ट्रेबल वाढवा, ती गोष्ट परत येत नाही. अप्पा, म्हणजे माझे वडील, हे काम डोळे मिटून करायचे, त्यांना ऐकू कमी यायला लागल्यावरही हा स्क्रू त्यांच्याच हातात असायचा.

डेकच्या लाइन आउटमधून वायर काढून यूएसबी साउंड कार्डाच्या लाइन इनला. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात नको, तिथं आवाज फाटतो. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या आसपास राहील. एका तासाची स्टिरिओ फाइल साधारण एक जीबीची होते, मोनो असेल तर निम्मी. सी-६० ची बाजू अर्ध्या तासाची, सी-९० ची पाऊण तासाची, आणि सात इंची साधं १२०० फुटांचं रीळ साडेसात इंच वेगानं अर्ध्या तासाच्या जरा वर चालतं. घाई करायची सोय नाही, जेवढा वेळ बोललेत तेवढाच वेळ लागणार. म्हणून विजेचं मीटर शेवटी काढायचं, त्याबद्दल पुढे.

खरखर काढायचं काम मूळ फाइलवर कधीच करू नका, तिची नक्कल घ्या. आणि फार काढूही नका. मागे पाऊस पडत असेल, कुत्रं भुंकत असेल तर राहू दे.

वेगाची एक गंमत सांगते. बॅटरीवर चालणाऱ्या रेकॉर्डरवर जे भरलंय त्यात शेवटी शेवटी आवाज बारीक आणि भरभर होत जातो. भरताना सेल उतरत गेले, मोटर मंदावली, आणि आता पूर्ण वेगानं वाजवल्यावर आजी पोरीच्या आवाजात बोलायला लागते. हे सुधारता येतं, पण किती, ते कसं ठरवायचं? भजन असेल तर पेटी ऐका. सुरुवातीला काळी दोनमध्ये लागलेलं भजन शेवटी पांढरी तीनच्या पलीकडे गेलं असेल, तर ते मंडळ चढलेलं नाही, सेल उतरलेत. समोर पेटी घेऊन बसायचं आणि टप्प्याटप्प्यानं वेग कमी करत सुरुवातीच्या पट्टीला आणायचं. कुमार गंधर्वांचं सुळेभावी इथनं हाकेच्या अंतरावर, या भागात पट्टी ओळखणारा कान शोधायला लांब जावं लागत नाही. आमच्या शेजारचे तबलजी येऊन बसायचे, चहावर.

फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग गाव, मग प्रसंग. कॅसेटच्या पुठ्ठ्यावर जे लिहिलंय त्याचा फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. पुठ्ठ्यावर 'सप्ता, शेवटचा दिवस' एवढंच असतं, कुठला सप्ता ते नाही. त्यासाठी म्हाताऱ्या माणसांना बोलवायचं. रविवारी दुकानात दोन-तीन जण बसवायचे आणि ऐकवायचं. भांडणं होतात. "हे येळ्ळूरचं न्हवं, सुळग्याचं, मृदुंग ऐक की." एका कीर्तनकारांना तर लोकांनी खोकल्यावरून ओळखलं. ही माणसं सत्तर-ऐंशीच्या पुढची आहेत, तेव्हा हे काम टेपांच्या कामाआधी संपवा. टेप आणखी एक उन्हाळा काढेल.

आता परत देणं. ज्यांच्या घरचा आवाज आहे त्यांना पेनड्राइव्हवर वेव्ह आणि मोबाइलवर ऐकायला एमपीथ्री, दोन्ही द्या, पैसे घेऊ नका. इंटरनेटवर टाकायचं असेल तर त्यांना आधी विचारा, लेखी घ्या. कलाकारांचेही कायद्यानं हक्क असतात. आणि कायदा बाजूला ठेवला तरी आपल्या आईच्या ओव्या अनोळखी माणसांनी ऐकाव्यात की नाही हे ठरवायचा अधिकार लेकीचा. सभांच्या भाषणांचं आणखी जपून. तीस-चाळीस वर्षांपूर्वी तावातावानं बोललेल्या माणसाची नातवंडं आज इथंच नोकरी-धंदा करतात. ती फाइल सांभाळा, संस्थेला द्या, पण गल्लीच्या ग्रुपवर फिरवू नका.

तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक बेळगावच्या बाहेर. आमची एक प्रत पुण्याला भावाकडे आहे. संस्थांना द्यायचं तर आधी जाऊन बोला. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे, गावोगावी वाचनालयं आहेत, आणि केएलई संस्थेचं वेणुध्वनी हे सामुदायिक केंद्र ९०.४ मेगाहर्ट्झवर चालतं. अशा ठिकाणी हार्डडिस्क नुसती टेबलावर ठेवून येऊ नका. यादी, परवानगीची पत्रं आणि कुणाला काय ऐकवू नये याची टीप सोबत द्या. त्याशिवाय ती डिस्क कपाटात जाऊन पडणार हे नक्की.

मूळ टेपा फेकू नका. उभ्या, कोरड्या जागी, स्पीकरच्या लोहचुंबकापासून लांब ठेवा.

कामाचा माणूस

आमच्याकडे एक माणूस अप्पांच्या वेळेपासून होता. ग्रॅच्युइटीचा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानाला लागतो, आपल्याला लागत नाही. पण हिशेब त्याच पद्धतीनं करावा असं माझं ठाम मत आहे: शेवटचा महिन्याचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. आकडा मोठा येतो. तो साउंडचं सामान विकून द्या, किंवा सामानच द्या. आम्ही आहुजाचे दोन ॲम्प्लिफायर, कर्णे, युनिटं आणि स्टँड त्यालाच दिले. अनगोळला तो आता स्वतः लग्नं घेतो. त्याला देण्याआधी मंडळांना सांगितलं, पुढच्या वर्षीपासून याला बोलवा.

मग भंगार

आता बोलवा भंगारवाल्याला, पण पुढ्यात बसून. त्याला ट्रान्सफॉर्मरचं तांबं पाहिजे असतं, आणि वायर जाळून तांबं काढायची सवय असते. ती देऊ नका. सर्किट, पिक्चर ट्यूब, जुने कंडेन्सर हे ई-कचऱ्यात येतं. २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं, आणि त्याच्याकडून पावती घ्या. लाउडस्पीकरच्या शिशाच्या बॅटऱ्या बॅटरीच्या दुकानात परत घेतात, वजनावर पैसे मिळतात. गळलेले टॉर्चचे सेल वेगळ्या डब्यात.

काय काढून ठेवायचं? बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्सचे) खोक्यातले न वापरलेले व्हॉल्व्ह, ईएल ८४, ईसीएच ८१, मॅजिक आयच्या नळ्या. जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर, एसी १२८ आणि एसी १८७-१८८ च्या जोड्या. गँग कंडेन्सर, आयएफटी, डायलच्या काचा, डायल दोऱ्याचं रीळ. यातलं बरंचसं आता नवीन बनत नाही. सेट जपणारे लोक हे मागत येतात, खोक्यासकट एकत्र द्या, सुटं सुटं विकत बसलात तर वर्ष जाईल आणि चांगलं तेवढं संपून बाकीचं गळ्यात पडेल. सर्किट डायग्रामची बाडं असतील तर स्कॅन करून मगच द्या. आणि जुन्या पोस्टाची रेडिओ लायसन्सची पुस्तकं, तिकिटं चिकटवलेली, कुणाकुणाची दुकानात राहिलेली असतात. लायसन्स ऐंशीच्या दशकात रद्द झालं, पुस्तकं मात्र घरच्यांना फार आवडतात. सेटाबरोबर बांधून द्या.

कागद

हे कंटाळवाणं आहे, लवकर सांगते. महापालिकेचा व्यापार परवाना रद्द करायचा अर्ज, दुकान-नोंदणी रद्द केल्याची कामगार खात्याकडे सूचना. जीएसटी नंबर असेल तर आरईजी-१६ भरून रद्द करा आणि रद्द झाल्यापासून तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे शेवटचं विवरणपत्र भरा. लोक दुसरं विसरतात आणि दंडाची नोटीस येते. वह्या आणि बिलं निदान सहा वर्षं ठेवा. चालू खातं सगळ्यात शेवटी बंद करा, एखाद्या मंडळाचा चेक हमखास उशिरा येतो. गाळामालकाला किल्ली देताना डिपॉझिट परत मिळाल्याची आणि किल्ली दिल्याची, दोन्हींची एकाच कागदावर सही घ्या.

विजेचं मीटर हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं, आणि ते व्यापारी दराचं. टेपांचं काम संपेपर्यंत राहू द्या. घरी नेऊन करू म्हणाल तर घरी कुकरच्या शिट्टीत आणि टीव्हीत ते होत नाही, माझ्या ओळखीच्या एकाच्या कॅसेटी अजून पलंगाखाली आहेत. काम झालं की शेवटचं रीडिंग स्वतः फोटो काढून घ्या, थकबाकी नसल्याचा दाखला घ्या, आणि मगच मीटर काढायचा व डिपॉझिट परत मिळायचा अर्ज द्या. पाटीवरचा मोबाइल नंबर मात्र चालू ठेवा. आमच्या फळीवरचा एक नेल्को अजून घरी आहे, चिठ्ठीवर फक्त 'किणये, मास्तर' एवढंच लिहिलंय. किणयेतल्या कुणाच्या घरात मास्तर होऊन गेले असतील तर या, सेट दुरुस्त करून ठेवलाय, मजुरी नको.